पनवेलच्या उकाड्यात गॅसचं इंजिन

होंडाने 2003 साली जपानात घरगुती गॅस इंजिन आणलं. ते 1 किलोवॅट वीज करी आणि इंजिनाच्या उष्णतेवर घरातलं पाणीही तापवी. भाचा म्हणतो, "मामा, आता पनवेललाही पाइपचा गॅस आलाय, सोसायटीत डिझेल जनरेटरऐवजी असलं काहीतरी बसवा."

मला हे पटत नाही. अशा इंजिनातून विजेपेक्षा उष्णताच जास्त निघते. ती खपली तरच ते परवडतं. तिकडे थंडीत घर तापवावं लागतं. इथे सकाळच्या आंघोळी उरकल्या की ती उष्णता न्यायची कुठे? शिवाय आमचा जनरेटर चालतो वीज गेल्यावरच, तोही लिफ्ट आणि पंपापुरता.

कल्पना मात्र खोटी नाही हं! शेजारच्या उरणच्या वीजकेंद्रात गॅस टर्बाइनच्या गरम धुरावर वाफ करून आणखी वीज काढतात. इस्पितळांना, हॉटेलांना दिवसभर गरम पाणी लागतं. शिवाय उष्णतेवर गारवा करणारी यंत्रं पुण्याची थरमॅक्स बनवते. त्यांनी जरूर विचार करावा.

सोसायटीच्या सभेत माझं मत गच्चीवरच्या सौर बंबाला. मे महिन्यात तर तोही नको, नळालाच कढत पाणी येतं!