चेंबरच्या अलीकडचे गटार कोणाचे?

मागच्या काही अंकांत मराठी शाळा, गणेशोत्सवाची वर्गणी आणि विधानसभेत आपल्या माणसांची घटत चाललेली संख्या या विषयांवर लेख आले. चांगले होते. या खेपेस मी गटाराबद्दल लिहिणार आहे. हा राजकीय विषय आहे का, असे संपादकांनी विचारले. माझे उत्तर असे की इंदूरमध्ये आज याच्याइतका राजकीय विषय दुसरा नाही.

२०१७ पासून आपले शहर स्वच्छतेत देशात पहिले येत आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये 'वॉटर प्लस'चा दर्जा मिळवणारे देशातले पहिले शहरही आपलेच. आणि याच शहरात २०२५ च्या डिसेंबरअखेर भागीरथपुऱ्यातल्या नळांना मैला मिसळलेले पाणी आले. शेकडो लोक उलट्या-जुलाबांनी आजारी पडले, कित्येक दगावले. मृतांच्या आकड्यावरून वाद झाला, प्रकरण उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे गेले. पोलिस चौकीच्या शौचालयाखालून जाणाऱ्या मुख्य जलवाहिनीत गळती सापडली, असे तेव्हा सांगण्यात आले. दोष निगमाचा होता यात शंका नाही, आणि तो कोणी पातळ करू नये.

पण त्या दिवसांत आपल्या समाजात जे बोलले गेले ते मला खटकले. "ती वस्ती वेगळी हो, आपल्याकडे असे होत नाही." का होत नाही? रामबाग, नारायणबाग, मल्हारगंज, राजवाड्याचा परिसर, या आपल्या जुन्या वस्त्या. इथले नळ आणि इथली गटारे शहरातल्या सर्वांत जुन्यांपैकी आहेत, काही ठिकाणी होळकरांच्या काळातली. आपण फक्त जुने रहिवासी आहोत म्हणून जमिनीखालचे लोखंड नवे होत नाही.

हे शहर गटारांवर शंभर वर्षांहून अधिक काळ वाद घालत आले आहे. तुकोजीराव महाराजांनी (तिसरे) पॅट्रिक गेडेस यांना बोलावले, त्यांनी १९१८ मध्ये दोन खंडांचा अहवाल दिला. इंजिनिअरांची भूमिगत गटारांची खर्चिक योजना त्यांना पसंत नव्हती. मैला नदीत सोडण्यापेक्षा बागांना आणि शेतीला द्यावा, असा त्यांचा कल होता. पुढे अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदुरातच कंपोस्टची पद्धत बसवली, ती 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेली. आपण मात्र मैला नदीतच सोडला. २०२१ पूर्वीच्या मोहिमेत निगमाने नाल्यांवरची तोंडे मोजून बंद केली तेव्हा सार्वजनिक १,७४६ निघाली आणि घरगुती ५,६२४. हा दुसरा आकडा पुन्हा वाचावा. कान्ह आणि सरस्वतीचे नाले करणाऱ्यांत कारखाने होतेच, पण साडेपाच हजारांवर घरेही होती. हीच कान्ह पुढे उज्जैनजवळ त्रिवेणीला क्षिप्रेत मिळते, जिथे आपल्या आज्या पर्वणीला स्नान करतात.

आता नियमाकडे येतो. मी बी.कॉम. झालेला, बँकेच्या काऊंटरवर बसणारा माणूस आहे, इंजिनिअर नाही. पण नियम वाचायची सवय नोकरीने लावली आहे. मध्य प्रदेश नगर पालिक निगम अधिनियम १९५६ चा आशय सरळ आहे. रस्त्यातले गटार निगमाचे. घरापासून त्या गटारापर्यंतची जोडणी घरमालकाची, म्हणजे करायचीही त्याने आणि राखायचीही त्याने. निगमाची परवानगी घेतल्याशिवाय कोणालाही सार्वजनिक गटाराला नळ जोडता येत नाही. जवळून गटार जात असेल तर घरमालकाला जोडणी घ्यायला निगम भाग पाडू शकतो. आपल्याकडे समज नेमका उलटा आहे. उंबरठ्याबाहेर जे गेले ते सरकारचे, असे आपण धरून चालतो. मग चेंबरच्या अलीकडचे ते पंधरा-वीस फूट कोणाचेच राहत नाहीत.

या पंधरा-वीस फुटांतून काय जाते याचा हिशेब करू. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात आणि त्यातले ऐंशी टक्के सांडपाणी म्हणून बाहेर पडते असे मानतात. पाच माणसांच्या घरातून रोज ५४० लिटर. चार बिऱ्हाडांच्या, वीस माणसांच्या वाड्यातून २,१६० लिटर, आणि तेही बहुतेक सगळे सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान. चार इंची नळाला साधारण सत्तावन्न फुटांमागे एक फूट उतार असावा, असे इमारत संहितेचे गणित आहे. जुन्या वाड्यात अंगण तीनदा फरशीने उंचावलेले असते, खालचा नळ मात्र जिथे होता तिथेच, आणि मध्ये कोणीतरी न्हाणीघर वाढवून त्याच नळाला कोपऱ्यातून जोडलेले असते. त्यात पावसाळ्यात गच्चीचे पाणीही सोडलेले. मग श्रावणात चेंबर उसळतो आणि पार्षदाला फोन जातो.

चेंबर उसळला तर निदान दिसतो, वासही येतो. गळती दिसत नाही, आणि खरा धोका तिथे आहे. पाण्याचा नळ आणि मैल्याचा नळ यांच्यात आडवे तीन मीटर अंतर असावे, एकमेकांना ओलांडायचे झाले तर पाण्याचा वर आणि मैल्याचा किमान अर्धा मीटर खाली, असा दंडक आहे. आठ-दहा फुटांच्या गल्लीत तीन मीटर आणायचे कुठून? म्हणून तिथे वरखाली हा एकच उपाय उरतो. आपल्याकडे नर्मदेचे पाणी बहुतेक भागांत दिवसाआड येते. उरलेल्या वेळात नळ रिकामा असतो आणि भोवतालच्या चिखलातले पाणी भेगांतून आत शिरते. त्यात पाणी यायच्या वेळेला प्रत्येक घरात टुल्लू पंप थेट लाइनीवर लावलेला. तो शेजाऱ्याचे पाणी ओढतोच, पण शेजारच्या गटारातलेही ओढतो. जलूदहून घाट चढवून इतक्या खर्चाने आणलेले पाणी आपण शेवटच्या दहा फुटांत घाण करतो. टुल्लूला निगम जबाबदार नाही.

"आम्ही कर भरतो, मग नियम आम्हाला का शिकवता?" असे कोणी म्हणेल. कर कोणाच्या नावाने भरता, हा माझा उलट प्रश्न आहे. माझ्या ओळखीतला एक वाडा सांगतो, नाव सांगत नाही. मालक १९७८ साली वारले. चार मुलगे, त्यांतले तिघे आता नाहीत. नातवंडांपैकी एक पुण्यात, एक न्यू जर्सीत, दोघे वाड्यात, तळमजल्यावर दोन जुने भाडेकरू. संपत्तीकराच्या पावतीवर अजून मूळ मालकाचेच नाव आहे. वाड्यातला मैल्याचा नळ फुटला, विहिरीला वास यायला लागला. नव्या जोडणीचा अर्ज कोणी करायचा? मृत माणसाला अर्ज करता येत नाही. वाड्यातले दोघे म्हणाले, खर्च चौघांनी करावा. पुण्याचा म्हणाला, राहतो कोण? भाडेकरू म्हणाले, मालक बघतील. शेवटी एका रात्री प्लंबर बोलावून, परवानगीशिवाय रस्ता खणून नळ मिळेल त्या चेंबरला जोडला. आज ती जोडणी निगमाच्या कोणत्याच कागदावर नाही. उद्या तिथे गळती झाली आणि गल्लीत कोणी आजारी पडले तर हे कुटुंब तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

बँकेत हे रोज पाहतो. खात्यावर नाव नसेल तर हक्क खरा असूनही माणूस काऊंटरबाहेर ताटकळतो. निगमातही तेच आहे. जुन्या मराठी घरांत आजोबांचे नाव पावतीवर राहू देण्यात एक प्रकारचा आदर मानतात. भावना समजते, पण त्या आदरापायी नातवाला जोडणी मिळत नाही. त्याहून मोठे कारण, खरे सांगायचे तर, वाटणीचा विषय कोणालाच काढायचा नसतो. नामांतरण केले म्हणजे वाटणी झाली असे नव्हे. सर्व वारसांची नावे एकत्र लावता येतात. कराच्या नोंदीने मालकी ठरत नाही, पण अर्ज करायला आणि तक्रार नोंदवायला माणूस मिळतो.

सुदामानगर, राजेंद्रनगर अशा कालोन्यांत राहणाऱ्यांनी हे दुसऱ्यांचे दुखणे समजू नये. तिथे पुष्कळ घरांत लाइन आल्यावरही जुनी सेप्टिक टाकी तशीच मध्ये ठेवलेली आहे. ती दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते. उपसायला कोण उतरतो? हा प्रश्न आपल्या समाजाने टाळलेला आहे. वाड्यांच्या मागच्या गल्लीतून टोपलीचे संडास साफ करणारी माणसे येत, त्यांना पुढच्या दाराने कधी येऊ दिले नाही, ही फार जुनी गोष्ट नव्हे. २०१३ च्या कायद्याने, सुरक्षेच्या साधनांशिवाय कोणाला टाकीत किंवा गटारात उतरवणे हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो फक्त निगमाला लागू नाही, पाचशे रुपये देऊन नाक्यावरून माणूस आणणाऱ्या घरमालकालाही लागू आहे. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. टाकीतला वायू एका श्वासात माणूस पाडतो. १४४२० हा क्रमांक फोनमध्ये ठेवावा आणि यंत्राची गाडीच बोलवावी.

आता राजकारण. ताई आठ वेळा लोकसभेत निवडून गेल्या, त्याचा अभिमान प्रत्येकाला आहे. पण दिल्लीत आपला माणूस आहे म्हणून वॉर्डात आपण गेलो नाही तरी चालेल, अशी एक सवय आपल्याला लागली. शहरात ८५ वॉर्ड आहेत. निगमाची मागची निवडणूक २०२२ च्या जुलैत झाली, म्हणजे पाच वर्षांच्या मुदतीप्रमाणे पुढची २०२७ मध्ये. तेव्हा आपल्याकडे कोणी मत मागायला येईल तो सभागृहाला रंग, मंदिराला शेड, उत्सवाला मंडप देऊ करील. हे सर्व नाकारू नये, पण त्याआधी दोन गोष्टी मागाव्यात. गल्लीतली पाण्याची लाइन आणि ड्रेनेजची लाइन कुठून, किती खोलीवर जाते याचा नकाशा झोन कार्यालयात भिंतीवर लावा. आणि नळाच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे घरात, पाण्यात क्लोरीन किती आहे ते मोजून जाहीर करा. मानकाप्रमाणे ते लिटरमागे किमान ०.२ मिलिग्राम हवे. टाकीपाशी मोजलेले आम्हाला नको.

हे मागणारा माणूस कागदावर असला पाहिजे. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद असते. त्या दिवशी सकाळी दहा ते एक मी मंडळाच्या वाचनालयात बसेन, नामांतरणाचे आणि जोडणीचे अर्ज भरायला मदत करीन. मृत्यूचे दाखले, वारसांच्या ओळखपत्रांच्या प्रती आणि संपत्तीकराची शेवटची पावती आणावी. जुन्या पावत्या असतील तर त्याही आणाव्यात, होळकरशाहीतल्या असल्या तरी चालतील.