कट मारल्याचं बक्षीस

फोनवरचा रेसिंगचा गेम हा आमच्या घराण्यात सध्या वादाचा विषय झालाय. एका बाजूला सगळी वडीलधारी मंडळी, दुसऱ्या बाजूला सतरा वर्षांचा भाचा, आणि मध्ये अस्मादिक, म्हणजे हा गेम स्वतः खेळणारी चाळिशी उलटलेली मावशी! भाच्याला येत्या दिवाळीत अठरा पूर्ण होतील, लायसन्स निघेल, बाईकही हवीच आहे. त्यामुळे "आधी तो गेम फोनमधून काढ, मग बाईकचं बघू" असा हुकूम सुटलाय. मला हा हुकूम चुकीचा वाटतो. का ते सांगते.

आधी ज्यांनी हा प्रकार बघितलाच नाही त्यांच्यासाठी थोडं. गाड्यांच्या शर्यती फोनवर आल्या त्याला बरीच वर्षं झाली. 'ॲस्फाल्ट'चा पहिला गेम २००४ सालचा. तेव्हा फोनला बटणं असायची आणि पडदा काडेपेटीएवढा. आम्ही दोघं खेळतो तो 'नीड फॉर स्पीड: नो लिमिट्स' २०१५ मध्ये आला. रात्रीचं शहर, ओले चकाकते रस्ते, भर रहदारीत शर्यत आणि अधूनमधून मागे पोलीस. यात ॲक्सिलरेटर दाबावाच लागत नाही, गाडी आपली आपण पळत असते. आपण फक्त डावीकडे-उजवीकडे बोट टेकवायचं. बोट वर सरकवलं की नायट्रस, म्हणजे एकदम उसळी. खाली ओढलं की ड्रिफ्ट. बास. ऑफिसातून आल्यावर डोकं रिकामं करायला याच्यासारखं औषध नाही, खरंच!

आता यातली एक गोष्ट नीट बघा. ते नायट्रस भरतं कशानं? ड्रिफ्ट मारल्यावर भरतं, हवेत उडी घेतल्यावर भरतं, आणि समोरच्या गाडीला घासता घासता न घासता बाजूनं निघून गेलात तरी भरतं. मराठीत याला आपला खास शब्द आहे: कट मारणे. म्हणजे गेममध्ये कट मारल्याचं बक्षीस मिळतं. धडकलात तर? तुकडे उडतात, क्षणभर थांबायचं, की गाडी पुन्हा रस्त्यावर. रस्त्यावर पायी चालणारं कुणी नाहीच. दुधाची किटली लावलेली सायकल नाही, सिग्नलला हात धरून उभी असलेली आजी-नातवाची जोडी नाही, खड्डा तर औषधालाही नाही. :)

घरच्यांचं म्हणणं असं की हे खेळून पोरगं रस्त्यावर तेच करणार. मला तसं वाटत नाही. सतरा वर्षांच्या मुलाला पडदा आणि रस्ता यातला फरक कळतो. पण गेम जे दाखवतच नाही ते त्याला आपोआप कळेल असंही मी म्हणणार नाही. ते कुणीतरी सांगावं लागतं, आणि गेम काढून टाकल्यानं ते सांगून होत नाही.

म्हणून मी त्याला शेजारी बसवून साधा हिशेब घातला. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. समोर कुणी आलं हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला, तरी तेवढ्यात गाडी १७ मीटर पुढे गेलेली असते, आणि ब्रेक तर अजून लागलेलाच नाही. वेग दुप्पट केला की धडकेतला जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. हे शाळेत शिकलेलं असतं हो, पण मार्कांपुरतं. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, आणि त्यातले सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या खात्यात होते. पोरगं हिशेब करत गप्प बसलं. मग म्हणालं, "मावशी, कट मारल्यावर समोरच्याचा हात दचकून हलला तर?" बरोब्बर! गेममधल्या गाड्या दचकत नाहीत. रस्त्यावरची माणसं दचकतात.

आता दुसरी बाजू, आणि ती जरा कडू आहे. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता असं पोलिसांनी सांगितलं. तेव्हा तो फोनवर कुठला गेम खेळायचा असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. लोकांनी विचारलं ते एवढंच, की त्याला चावी दिली कुणी? कायदाही तेच विचारतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली सुधारणा झाली. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो, तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. आपल्याला ठाऊकच नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारीही त्याचीच.

आणि आमच्याकडे काय चाललंय? गेमवर बंदी, पण "कोपऱ्यावरून कोथिंबीर घेऊन ये रे" म्हणत स्कूटरची चावी आपणच त्याच्या हातात ठेवायची, हेल्मेट न घालता! ताई, हे वाचत असशीलच. रागावू नकोस, पण कोथिंबिरीला पायी जाता येतं. फोनवरची गाडी शंभरदा आपटली तरी कुणाचं काही जात नाही. कोपऱ्यापर्यंतची स्कूटर एकदाच आपटली तर पुरे असते.

माझं म्हणणं एवढंच: गेम राहू दे, चावी काढून घ्या. लायसन्स हातात येईपर्यंत चावी कपाटात, आणि आल्यावर पहिले काही महिने मागच्या सीटवर घरातलं कुणीतरी मोठं. मी बसायला तयार आहे. हेल्मेट दोघांनाही.

तुमच्या घरी चावी कुठे लटकते? कळवा जरूर.