ज्ञानकोश लिहिणारे हात

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पेढे वाटले गेले, सत्कार झाले, आणि ते उचितच होते. परंतु भाषा केवळ प्राचीनत्वावर जगत नाही. तिच्या मुलांना आपल्या प्रश्नाचे उत्तर तिच्यात मिळते का, यावर तिचे भवितव्य ठरते. आज ते उत्तर बहुधा विकिपीडियावर शोधले जाते. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी सुरू झाला. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी भाषक ८ कोटी ३० लाख, तर तमिळ भाषक ६ कोटी ९० लाख. तरीही तमिळ विकिपीडियातील लेखांची संख्या आपल्यापेक्षा कितीतरी मोठी आहे. उणीव आहे ती लिहिणाऱ्या हातांची.

हे हात महाविद्यालयांतील मराठी साहित्याच्या वर्गांत आहेत. पण त्यांना हे काम शिकवावे लागेल. न शिकवता ते सोपवले की काय होते, याचा अनुभव पुण्याने घेतला आहे. विकिमीडिया फाउंडेशनने २०११ साली येथील काही महाविद्यालयांत विद्यार्थ्यांकडून अभ्यासक्रमाचा भाग म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लेखन करवून घेण्याचा प्रयोग केला. अनेकांनी पुस्तकांतील आणि संकेतस्थळांवरील उतारे जसेच्या तसे उचलले. ते शोधून काढता काढता जुने स्वयंसेवक थकले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस प्रयोग आवरता घ्यावा लागला. केवळ मुलांना दोष देऊन चालणार नाही. प्रकल्प म्हणजे कापा आणि चिकटवा, हे त्यांना शाळेपासून आपणच शिकवले!

साहित्याच्या विद्यार्थ्याची अडचण आणखी वेगळी आहे. 'थोर', 'अजरामर', 'युगप्रवर्तक' ही उत्तरपत्रिकेत गुण मिळवून देणारी विशेषणे ज्ञानकोशात खोडली जातात. तेथे प्रत्येक विधानामागे ग्रंथ, पृष्ठ आणि वर्ष मागितले जाते.

सिंहगडाच्या वाटेवरील धायरीचेच उदाहरण घेऊ. धारेश्वराचे हे जुने गाव २०१७ मध्ये पुणे महानगरपालिकेत आले. शेते गेली, इमारती उभ्या राहिल्या. येथे राहणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याने सिंहगडावर लिहायला घेतले, तर प्रथम त्याला घोरपडीची कथा आठवेल. ती घरोघरी नेली पोवाड्याने. हरि नारायण आपटे यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीनेही ही लढाई मराठी मनावर कोरली. फेब्रुवारी १६७० मध्ये गड स्वराज्यात आला, हा इतिहास. तानाजींच्या बलिदानानंतर गडाला 'सिंहगड' हे नाव मिळाले, असा दृढ समज आहे. पण हे नाव १६६३ च्या पत्रातही आढळते. असे लिहिल्याने तानाजी मालुसरे यांचा पराक्रम तसूभरही उणा होत नाही. पोवाडा काय सांगतो, कादंबरी काय सांगते आणि कागद काय सांगतो, हे वेगळे मांडता येणे हाच खरा साहित्याभ्यास होय. अस्सल कागदावाचून इतिहास नाही, हा राजवाड्यांचा आग्रह. त्यांनी १९१० साली स्थापन केलेले भारत इतिहास संशोधक मंडळ धायरीहून काही फार दूर नाही.

आपल्या इतिहासाविषयी, आपल्या संस्थांविषयी विपर्यस्त लिहिले जाते, ही तक्रार आपल्याही बैठकांत नित्य ऐकू येते. ती पुष्कळदा खरी असते. मात्र चुकीच्या वाक्याला निषेधाचे पत्रक हे उत्तर नव्हे. आधार देऊन ते वाक्य दुरुस्त करावे लागते, आणि आधार नसेल तर आपल्या आवडीचे वाक्यही मागे घ्यावे लागते. ही शिस्त जाचक वाटेल, पण ती परकी खासच नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड पारतंत्र्यात सिद्ध केले, तर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या नेतृत्वाखाली वाईहून मराठी विश्वकोश आकाराला आला. त्या पिढ्यांना छपाईच्या पैशाची विवंचना होती. आजच्या विद्यार्थ्याला ती नाही.

नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्रप्रकल्पाला श्रेयांक आहेत. मराठी विभागांनी एका सत्रात एका विद्यार्थ्याला एकच लेख द्यावा. पहिला महिना संगणकाला हात न लावता ग्रंथालयात जावा. टिपणे प्राध्यापकांनी तपासावीत आणि मगच लेख प्रकाशित व्हावा. संख्या मोजण्याची घाई नको. जवळच्या ग्रंथालयात बसून या मुलांना जुने ग्रंथ काढून देण्याचे काम आपल्यातील निवृत्त शिक्षक येत्या सत्रापासूनच हाती घेऊ शकतात.