कालव्याच्या कडेने सायकल

सुट्टी म्हटली की आपल्या घरांत नानीचे गाव, नाहीतर एखाद्या दर्ग्याची जियारत. आम्ही आणखी एक वाट सुचवतो : कालव्याच्या कडेने सायकल. पिंपळवंडीजवळच येडगाव धरण आहे. तिथून निघणारा कुकडीचा डावा कालवा पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याकडे जातो. लांबी 250 किलोमीटरच्या घरात. दिवसाला 40 धरले तर आठवडा पुरतो. कालवा हलका उतार धरून चालतो, म्हणून चढ कमी. भरावावरची वाट तुटली की सरळ गावरस्ता धरावा.

घाई नको. फजरनंतर निघावे, झुहरला सावलीत थांबावे. शरई सफर असेल तर झुहर, असर आणि इशाचे फर्ज चारऐवजी दोन; मुसाफिराला दीनने दिलेली ही सवलत मुलांना प्रत्यक्ष कळते. मगरिबपूर्वी मुक्काम गाठावाच, कारण उसात बिबटे आहेत. आणि वुजूसाठीही कालव्यात उतरू नये. कड निसरडी, धार ओढणारी. पोहणाऱ्यालाही बाहेर येणे कठीण. वुजू सोबतच्या पाण्याने करावा.

मुलांना दाखवायचे ते पुढे आहे. आपल्याकडे ऊस, द्राक्षे. टेलचा शेतकरी मात्र आवर्तनाची वाट पाहत बसलेला. वाहत्या नदीकाठीही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण मुले मकतबमध्ये पाठ करतात. तिचा अर्थ कोरड्या चारीपाशी उमगतो.

मुलींनाही सोबत न्या. घरात पाणी भरतात त्याच.