आधी गाळा, मग गाजवा

अफझलगंजच्या नयापुलावरून मुशी ओलांडताना हात आपोआप नाकाकडे जातो. शहराची घाण वाहून नेणे हेच या नदीचे काम होऊन बसले आहे. अशाच टाकाऊ सेंद्रिय द्रव्यातून जिवाणूंकरवी हायड्रोजन मिळवण्याचे संशोधन याच हैदराबादेत, तारनाक्याच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत (‘आयआयसीटी’) वर्षानुवर्षे चालू आहे. पुण्याच्या आघारकर संस्थेनेही शेतातील काडीकचऱ्यापासून हायड्रोजन काढण्याचे तंत्र २०२२ मध्ये पुढे आणले. तेव्हा हायड्रोजन निघतो, याबद्दल वाद नाही. घोडे अडते ते शुद्धीकरणापाशी.

जिवाणूंच्या टाकीतून येणाऱ्या वायूत हायड्रोजन साधारण निम्माच असतो. उरलेला बहुतांश कार्बन डायऑक्साइड, जोडीला बाष्प आणि गंधकयुक्त वायू. वाहनांच्या इंधनघटाला (फ्युएल सेलला) मात्र ९९.९७ टक्के शुद्धता लागते. येथे पॉलिमरची पातळ पटले उपयोगी पडतात. कडक पॉलिमरमधून हायड्रोजनचा लहान रेणू चटकन पलीकडे जातो. रबरी पॉलिमरमध्ये कार्बन डायऑक्साइड विरघळून निघून जातो आणि हायड्रोजन दाबासह अलीकडेच राहतो. अमोनियाच्या कारखान्यांत वाया जाणारा हायड्रोजन अशा पटलांनी १९८०च्या दशकापासून परत मिळवला जातो. पण तेथील वायू मुळातच प्रचंड दाबाचा, तर जिवाणूंचा जेमतेम हवेच्या दाबाइतका. तो दाबायला लागणारी वीज आणि बाष्प-गंधकाच्या माऱ्यात पटलाचा टिकाव, यांवरच सारा हिशेब ठरणार. हा हिशेब प्रयोगशाळेतल्या बाटलीबंद वायूवर मांडता येत नाही.

धोरणाची गोम इथेच आहे. राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेच्या १९,७४४ कोटींपैकी १७,४९० कोटी रुपये विजेने पाणी फोडणारे इलेक्ट्रोलायझर आणि हायड्रोजन उत्पादनाच्या प्रोत्साहनासाठी आहेत. संशोधनाच्या वाट्याला ४०० कोटी. जैविक हायड्रोजनला केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘हरित’ व्याख्येत बसवले खरे, पण नुसत्या व्याख्येने वायू गाळला जात नाही.

हैदराबादेतल्याच बोवेनपल्लीच्या भाजीबाजारात ‘आयआयसीटी’च्याच तंत्रावर कचऱ्यापासून बायोगॅस आणि वीज निर्माण झाली. जैविक हायड्रोजनसाठी मुशीतले पाणी फार पातळ. बाजाराचा ओला कचरा अधिक सोयीचा. मुशीकाठच्या सुशोभीकरणाचे मोठमोठे आराखडे मांडणाऱ्या तेलंगण सरकारने केंद्राच्या साथीने अशा एखाद्या बाजारात जैविक हायड्रोजनचा पथदर्शी प्रकल्प उभारावा. पटले तेथील खऱ्याखुऱ्या वायूवर वर्षभर चालवावीत. किलोमागे किती वीज लागली, पटल किती महिने टिकले, शुद्धता किती मिळाली, हे आकडे लोकांपुढे ठेवावेत. हिशेब जुळला तर अनुदान द्यावे. न जुळल्यास तो कचरा निमूटपणे बायोगॅसलाच द्यावा. त्यात कमीपणा नाही. हिशेबाआधीच हायड्रोजनचे ढोल बडवण्यात मात्र आहे.