एकाच भांड्यावर जगणारा जीव

कुत्र्याला घरचं द्यावं की पाकिटातलं, हा वाद ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या प्रत्येक गृहसंकुलात आहे. घोडबंदर रोडच्या उंच इमारतींच्या आवारात तो चालतो, खडकपाड्यात चालतो आणि डोंबिवलीच्या एमआयडीसी निवासी भागातल्या झाडांखालीही चालतो. घरच्या बाजूने बोलणाऱ्यांना पाकिटातल्या तपकिरी गोळ्यांमध्ये काय आहे याची खात्री वाटत नाही. पाकिटाच्या बाजूच्यांना घरचं देणारे भाबडे वाटतात. दोन्ही बाजूंना आपल्या कुत्र्याबद्दल जिव्हाळा आहे, म्हणूनच हा वाद इतका तावातावाने होतो. मला मात्र वाटतं की अन्न कुठे शिजलं याला आपण नको इतकं महत्त्व देतो, आणि त्या अन्नात काय आहे व ते किती दिलं जातं, याचा हिशेब जवळजवळ कुणीच ठेवत नाही. कुत्र्याचा आहार चांगला की वाईट, हे त्या हिशेबावर ठरतं.

असा हिशेब माणसांच्या जेवणाला लागत नाही, मग कुत्र्यालाच का, असं कुणीही विचारेल. आपण स्वतः रोजच्या जेवणाचं कॅल्शियम मोजत बसत नाही. पण आपल्या खाण्यात आपोआप फेरफार होत असतो. ऑफिसात डबा, स्टेशनबाहेर वडापाव, पाहुण्यांकडे काही वेगळं, बाजारात आवळे आले की आवळे. एका जागी राहिलेली उणीव दुसऱ्या जागी थोडीफार भरून निघते. सातव्या मजल्यावरच्या कुत्र्याला दुसरी जागाच नाही. त्याच्या पुढ्यात एक भांडं येतं आणि त्यात एकाच हाताने वाढलेलं, बहुधा रोज तेच असतं. उणीव राहिली तर ती रोज राहते, आणि जास्तीचं पडलं तर तेही रोज पडतं. गावाकडची कुत्री भाकरी खाऊन ठणठणीत जगली, हा दाखला इथे नेहमी दिला जातो. पण गावाकडचं कुत्रं भाकरीवर कधीच जगत नव्हतं. भाकरी त्याला दारातून मिळायची. उरलेलं ते उंदीर-घुशी, खाटकाकडची हाडं-आतडी, मेलेली जनावरं आणि गाय व्याल्यावर पडलेली वार यांतून स्वतः मिळवायचं. सीमाभागातले शिकारी कारवान कुत्रेही नुसत्या वाढलेल्या अन्नावर पोसले गेले नाहीत. आपण त्या जुन्या आहारातली भाकरी तेवढी फ्लॅटमध्ये आणली आणि बाकीचं सगळं बाहेर ठेवलं. शिवाय ती गावची कुत्री किती वर्षं जगायची आणि त्यांच्या किती पिल्लांचं काय व्हायचं, हे कुणी मोजलेलं नाही. जगलेली डोळ्यांसमोर राहतात.

याच्या उलट टोकाला, कुत्रा म्हणजे घरात आलेला लांडगा, त्याला धान्य हे विषच, असा एक समज समाजमाध्यमांतून आपल्याकडे पोहोचला आहे. त्यालाही आधार नाही. 2013 साली ‘नेचर’मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी कुत्रा आणि लांडगा यांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध केली. पिष्टमय पदार्थ पचवणारं अमायलेज तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती सापडल्या, कुत्र्यात मात्र चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या उकिरड्याजवळ हजारो वर्षं राहून हा प्राणी भात-भाकरी पचवायला शिकला आहे. त्यामुळे शिजवलेला भात किंवा ज्वारी कुत्र्याला देणं हा गुन्हा नाही. पण पचतं म्हणजे पुरतं असं होत नाही, आणि आपल्या घरांतली चूक नेमकी इथे होते.

उदाहरण म्हणून वीस किलो वजनाचा, नसबंदी झालेला, दिवसातून दोनदा बेताचा फिरणारा प्रौढ कुत्रा घेऊ. त्याला दिवसाला हजार किलोकॅलरींच्या आसपास ऊर्जा लागते. आता आपल्याकडे चांगला समजला जाणारा बेत बघू. अडीचशे ग्रॅम बोनलेस चिकन, चारशे ग्रॅम शिजलेला भात, थोडा लाल भोपळा, चमचाभर तेल आणि एक लहान वाटी दही. ऊर्जा जवळपास पुरी होते, प्रथिनंही बऱ्यापैकी मिळतात आणि कुत्रा भांडं चाटून पुसून ठेवतो. पण अमेरिकेतल्या आफ्को या संस्थेच्या मानकाप्रमाणे प्रौढ कुत्र्याला हजार किलोकॅलरींमागे किमान सव्वा ग्रॅम कॅल्शियम हवं. या बेतात चिकनमधून पंचवीस-तीस मिलिग्रॅम, भातातून साधारण चाळीस, भोपळ्यातून थोडंसं आणि दह्यातून सव्वाशे-दीडशे मिलिग्रॅम मिळतं. सगळं मिळून गरजेचा पाचवा हिस्साही भरत नाही. त्यातून मांस आणि धान्य दोन्हींमध्ये फॉस्फरस भरपूर असतो. कॅल्शियम निदान फॉस्फरसइतकं तरी हवं, इथे ते त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी आहे. दही वगळलं तर ते आठव्या हिश्शावर येतं. रक्तातलं कॅल्शियम शरीर घसरू देत नाही, ते हाडांतून काढून घेतं. म्हणून रक्ततपासणीत बरेच दिवस काहीच दिसत नाही, आणि पिल्लाचे पाय वाकल्यावर किंवा साध्या उडीत हाड मोडल्यावर कारण कळतं. जस्त, आयोडीन, ई आणि डी जीवनसत्त्व यांचीही अशीच गत होते. माणसाची त्वचा उन्हात डी जीवनसत्त्व तयार करते, कुत्र्याची त्वचा ते पुरेसं करू शकत नाही. त्याला ते अन्नातूनच मिळायला हवं. बाल्कनीत ऊन भरपूर येतं, हा दिलासा त्याच्या कामाचा नाही.

वेगवेगळे बेत आलटून पालटून दिले की भरपाई होईल, असं वाटणं साहजिक आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी 2013 मध्ये कुत्र्यांसाठीच्या घरगुती जेवणाच्या दोनशे पाककृती तपासल्या. त्या पुस्तकांतून आणि संकेतस्थळांवरून घेतलेल्या होत्या आणि काही तर पशुवैद्यकांनीच लिहिलेल्या होत्या. त्यांतल्या 95 टक्के पाककृतींमध्ये किमान एक आवश्यक घटक अपुरा निघाला. उणिवा बऱ्याच पाककृतींमध्ये त्याच त्या होत्या, त्यामुळे पाककृती बदलत राहूनही त्या भरून निघाल्या नसत्या. हा अभ्यास घरच्या अन्नाविरुद्धचा पुरावा म्हणून पाकिटवाले पुढे करतात. मला तो अंदाजपंचे वाढण्याविरुद्धचा पुरावा वाटतो. वरच्याच बेतात अर्धा चहाचा चमचा अंड्याच्या कवचाची बारीक पूड घातली की साधारण ग्रॅमभर कॅल्शियम मिळतं. कवचं उकळून, वाळवून मिक्सरमधून काढायला काहीच खर्च नाही. आठवड्यातून एक-दोनदा बेताची कलेजी, अधूनमधून बांगडा किंवा पेडवे आणि पशुवैद्यकाने वजन बघून ठरवून दिलेली जीवनसत्त्व-खनिजांची पूड, एवढं सांभाळलं तर घरचं अन्न उत्तम आहार होऊ शकतं. कलेजी मात्र रोज नको, तिच्यातलं अ जीवनसत्त्व शरीरात साठत जातं. आणि कुत्र्याचा वाटा फोडणी घालण्याआधीच बाजूला काढायला हवा. कांदा-लसूण त्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात आणि शिऱ्यातले बेदाणे मूत्रपिंडं निकामी करू शकतात. राहिलेला रस्सा भातात कालवून देण्याची आपली पद्धत प्रेमापोटी आली आहे, पण ती थांबायला हवी.

पिल्लाच्या बाबतीत चूक बहुधा दुसऱ्या टोकाची असते. लॅब्रेडॉर किंवा जर्मन शेफर्डचं पिल्लू घरी आलं की हाडं मजबूत व्हावीत म्हणून कॅल्शियमचं औषध सुरू होतं, आणि सोबत पिल्लांसाठीचं पाकीटबंद खाद्यही चालू असतं. त्या खाद्यात कॅल्शियम आधीच पुरेसं असतं. वाढत्या पिल्लाच्या आतड्यांना जास्तीचं कॅल्शियम अडवून धरता येत नाही. ग्रेट डेन पिल्लांवर नेदरलँड्समध्ये 1980च्या दशकात झालेल्या प्रयोगांत जादा कॅल्शियमने हाडांची वाढ बिघडल्याचं स्पष्ट दिसलं. म्हणजे एकाच इमारतीत एका घरात कॅल्शियमच्या तुटवड्याने आणि दुसऱ्या घरात त्याच्या अतिरेकाने पिल्लाचे पाय बिघडू शकतात, आणि दोन्ही घरांना आपण योग्यच करतो आहोत असं वाटत असतं.

डोंबिवली-ठाण्यात शाकाहारी कुटुंबं पुष्कळ आहेत आणि त्यांच्या घरांत कुत्रीही आहेत. स्वयंपाकघरात मांस येऊ द्यायचं नाही हा त्यांचा निर्णय आहे, आणि त्यावरून त्यांना हिणवून कुत्र्याचं काहीच भलं होणार नाही. मांजर मांसावाचून जगू शकत नाही. टॉरिनसारखे काही घटक ते स्वतः पुरेसे तयार करत नाही. निरोगी कुत्रा योग्य अमिनो आम्लांपासून टॉरिन बनवू शकतो. म्हणून अंडी चालत असतील तर काम बरंच सोपं होतं. नसतील तर सोयाबीन, पनीर, डाळी आणि पूरक खनिजं यांच्या आधाराने प्रौढ कुत्र्याचा आहार जुळवता येतो, पण पशुवैद्यकाच्या देखरेखीशिवाय नाही. पिल्लाला आणि गाभण कुत्रीला मात्र घरी बनवलेल्या पूर्ण शाकाहारावर ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांच्या गरजा इतक्या मोठ्या आणि नेमक्या असतात की तिथे चुकीला जागाच उरत नाही. दूध-पोळी मात्र या कशातच बसत नाही. ती पोट भरते, आणि पोट भरल्यामुळेच तिची उणीव लपते.

आता पाकिटाबद्दल. चांगल्या पाकिटाचा खरा गुण असा की हिशेब दुसऱ्या कुणीतरी आधीच केलेला असतो. सकाळच्या फास्ट लोकलला दोघंही निघतात आणि कुत्र्याचं जेवण आजी-आजोबांवर किंवा कामवाल्या ताईंवर सोपवलेलं असतं, अशा घराला हा गुण मोठा आहे. पण तो प्रत्येक पाकिटात नसतो. पाकिटावर ‘संपूर्ण आणि संतुलित आहार’ असं लिहिलंय का, कोणत्या वयासाठी लिहिलंय आणि आफ्को किंवा युरोपातल्या फेडियाफच्या मानकाचा उल्लेख आहे का, हे बघावं. ग्रेव्हीची काही पाकिटं आणि खाऊच्या कांड्या ‘पूरक’ असतात, त्यांवर कुत्रा ठेवता येत नाही. 2006च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यातल्या अन्नाच्या व्याख्येत पशुखाद्य येत नाही. म्हणजे आपल्या बिस्किटांच्या पुड्यावर ज्या नियंत्रणाचा भरवसा वाटतो, तो इथे गृहीत धरता येत नाही. म्हणून पाकीट वाचण्याची जबाबदारी पाळणाऱ्यावर जास्त येते.

आपल्या भागात आणखी एका गोष्टीकडे दुर्लक्ष होतं. मोठं पोतं फोडून सुटं खाद्य किलोवर विकायची पद्धत सर्रास आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कल्याणच्या हवेत पापड सादळतो, तिथे तोंड उघडं राहिलेल्या पोत्यातलं खाद्य सादळणारच. त्यातली चरबी खवट होते आणि बुरशी धरते. मक्यासारख्या धान्यावरच्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन यकृत निकामी करतं. 2020च्या अखेरीपासून अमेरिकेत अशाच दूषित खाद्यामुळे शंभराहून जास्त कुत्री दगावल्याची नोंद झाली, आणि तो माल तर सीलबंद होता. महिन्याभरात संपेल एवढंच पाकीट घ्यावं आणि ते मूळ पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावं. ‘धान्यविरहित’ म्हणून चढ्या भावाने मिळणाऱ्या पाकिटांसाठी पैसे मोजायचं कारण मला दिसत नाही. मटार-मसूर भरपूर असलेल्या अशा खाद्यांचा हृदयविकाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 साली सुरू केली. ठाम कार्यकारणसंबंध सिद्ध झाला नाही, पण धान्य काढून टाकल्याने कुत्र्याचा काही फायदा होतो हेही कुणी सिद्ध केलेलं नाही. कच्च्या मांसाच्या आहाराबद्दल एवढंच म्हणेन की लहान मुलं आणि वृद्ध असलेल्या वन-बीएचकेमध्ये एकाच ओट्यावर रोज कच्ची कोंबडी कापणं म्हणजे साल्मोनेला घरात आणणं आहे. शिजवल्याने कुत्र्याचं काही बिघडत नाही. फक्त शिजवलेलं हाड देऊ नये, ते टोकदार फुटतं.

इतकं सगळं नीट जुळवूनही बहुतेक घरांत बिघडतं ते प्रमाण. पाच किलोच्या पॉमला दिवसाला साधारण साडेतीनशे किलोकॅलरी पुरतात. सकाळच्या चहाबरोबर त्याला दिलेली चार ग्लुकोज बिस्किटं म्हणजे शंभराच्या आसपास. माणसाच्या मापाने पाहिलं तर दोन हजार किलोकॅलरी लागणाऱ्याने जेवणाआधीच साडेपाचशे संपवल्यासारखं झालं. आणि घरातला प्रत्येक जण आपापली दोन बिस्किटं देतो, एकाला दुसऱ्याचं माहीत नसतं. खाऊ दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावा, हा पशुवैद्यकांचा नियम यासाठीच आहे. नसबंदीनंतर ऊर्जेची गरज बरीच कमी होते, तरी भांडं पूर्वीइतकंच भरत राहतं.

हे सगळे अभ्यास कंपन्यांच्या पैशाने होतात, त्यांवर विश्वास का ठेवायचा, अशी शंका रास्त आहे. पण प्रमाणाबद्दलचा सगळ्यात भक्कम पुरावा एका खाद्य कंपनीनेच दिला, आणि तो तिच्या विक्रीच्या उलट दिशेने जातो. 48 लॅब्रेडॉर पिल्लांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खाद्य आयुष्यभर दिलं गेलं. खाद्य तेच होतं. निष्कर्ष 2002 मध्ये प्रसिद्ध झाले. कमी खाल्लेल्यांचं मध्यक आयुर्मान 13 वर्षं निघालं, बाकीच्यांचं 11.2. सांधेदुखीचे उपचारही त्यांना उशिरा लागले. कोणत्याही महागड्या पाकिटाने किंवा निगुतीने शिजवलेल्या बेताने इतकं आयुष्य वाढल्याचा असा पुरावा माझ्या वाचनात नाही. ते साधलं स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याने.

कुत्रा उपाशी वाटतो, सारखा तोंडाकडे बघतो, हे त्यावरचं शेवटचं उत्तर असतं. पण मागणं हा त्याचा स्वभाव आहे, भुकेचं माप नव्हे. माप त्याच्या अंगावर असतं. तळवा हलकेच फिरवल्यावर बरगड्या हाताला लागायला हव्यात, वरून पाहिलं तर कंबर दिसायला हवी आणि बाजूने पाहिलं तर पोट वर ओढलेलं दिसायला हवं. यासाठी नऊ अंकांची एक श्रेणी जगभर वापरतात, तिच्यावर चार-पाच असणं उत्तम. रेबीजच्या लसीसाठी वर्षातून एकदा तरी सगळेच दवाखान्यात जातात. त्या वेळी लसीच्या पुस्तिकेत तारखेशेजारी वजन आणि हा अंकही लिहून मागावा, आणि घरचं अन्न देत असाल तर आठवड्याचा बेत ग्रॅममध्ये लिहून सोबत न्यावा. जवळच्या दवाखान्यात तेवढा वेळ मिळाला नाही, तर परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय मध्य रेल्वेच्या मार्गावरच आहे.