शिक्षा भोगून झाल्यावर

नोकरीच्या छापील अर्जात पूर्वी झालेल्या शिक्षेविषयी एक रकाना असावा, उमेदवाराने त्यात प्रामाणिकपणे खूण करावी, आणि त्या एका खुणेमुळे त्याचे शिक्षण, कौशल्य व अनुभव न वाचताच अर्ज दफ्तरदाखल व्हावा, या अमेरिकेतील रूढ रिवाजास कायद्याने पायबंद घालण्याचा पहिला मान १९९८ साली हवाई राज्याने मिळविला. मालकाने आधी सशर्त नेमणूक देऊ करावी, मगच पूर्वशिक्षेची चौकशी करावी, आणि गुन्ह्याचा कामाशी सयुक्तिक संबंध असेल तरच नेमणूक मागे घ्यावी, असा तेथील दंडक आहे. संघसरकारच्या नोकऱ्यांबाबत २०१९ च्या कायद्याने तसाच निर्बंध आणला.

या कायद्यांवरील एक आक्षेप मात्र गंभीर आहे. न्यू जर्सी व न्यूयॉर्क शहर येथे संशोधकांनी कल्पित उमेदवारांच्या नावे हजारो अर्ज धाडले, तेव्हा रकाना गेल्यानंतर श्वेत व कृष्णवर्णीय अर्जदारांना येणाऱ्या बोलावण्यांतील तफावत उलट वाढल्याचे आढळले. म्हणजे माहिती नाही तेथे मालक वर्णावरून अटकळ बांधू लागले. परंतु समाजशास्त्रज्ञ देवा पेजर यांच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या मिलवॉकीतील प्रयोगात, रकाना असतानाही, निष्कलंक कृष्णवर्णीयांपैकी शेकडा १४ जणांना, तर तुरुंगवास सांगणाऱ्या श्वेतवर्णीयांपैकी शेकडा १७ जणांना बोलावणे आले होते, हे ध्यानी घेता दोष रकाना काढण्याचा नसून वर्णद्वेषाचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. तेव्हा कायदा रद्द करण्याऐवजी वर्णभेदविरोधी तरतुदींचा अंमल मालकांच्या दफ्तरापर्यंत कसोशीने पोहोचविणे, हेच सरकारचे कर्तव्य ठरते.